सेवेचा ठाव आणि नकाराचा धर्म



सज्जनहो, दिंडीतून चालताना एक गोष्ट आपण रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणूनच तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, रथामागे त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला. दिंडीच्या आत पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंग, मग वीणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या मायबहिणी. वीणा गळ्यात असेपर्यंत वीणेकरी टाळ हातात घेत नाही. मृदंगावर थाप देणारा पताका मागत नाही. पाण्याचा हंडा वाहणाऱ्या माउलीला कोणी ‘तुला अभंग किती पाठ?’ असे विचारत नाही. ज्याचा जो ठाव, त्या ठावावर तो उभा असतो, म्हणून हजारो माणसांचा घोळका न होता त्यांची दिंडी होते.

संतांच्या चरित्रांतही हेच दिसते. सावतोबा अरणच्या मळ्यात राहिले. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असे परंपरा सांगते. गोरोबाकाका तेरला मडकी घडवत राहिले, नरहरी महाराज पंढरपुरात दागिने घडवत राहिले, सेना महाराज हजामत करत राहिले. देव भेटला, आता धंदा कशाला, असे यांपैकी कोणी म्हटले नाही. आपला ठाव ओळखणे आणि त्याच्या कडा राखणे हा आपल्याकडे परमार्थाचाच भाग मानलेला आहे.

हे आज सांगण्याचे कारण असे. आमचे नागपूर आता दवाखान्यांचे शहर झाले आहे. धंतोली, रामदासपेठेत फिरा, घरापेक्षा रुग्णालयांच्या पाट्याच जास्त दिसतील. मेडिकल आणि मेयोच्या आवारात चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली माणसे सतरंज्या टाकून बसलेली असतात. याच शहरात आपल्या वारकरी घरांतली मुले-मुली आरोग्याची नाना शिक्षणे घेतात. कोणी आयुर्वेद, कोणी फिजिओथेरपी, कोणी आहारशास्त्र, कोणी योग. शिक्षण संपले की त्यांतली बरीच जण स्वतःचे काही उभे करू पाहतात.

अशाच एका मुलीने मला दोन प्रश्न विचारले. तिचे वडील आमच्या दिंडीत वीणेकरी. ती फिजिओथेरपी शिकली आहे आणि तिला फक्त पायांचे काम करायचे आहे. मधुमेह झालेल्यांचे पाय, म्हाताऱ्यांचे घोटे आणि गुडघे, वारी करून आलेल्यांची सुजलेली पावले. घरचे म्हणतात, एवढ्याने पोट भरायचे नाही. वजन कमी करायची पावडर ठेव, सांधेदुखीचे तेल ठेव, साखर उतरवायचा काढा ठेव, जो येईल त्याला घे. हा झाला पहिला प्रश्न, की काय करावे आणि काय सोडावे. दुसरा प्रश्न अधिक अवघड. नात्यातले, दिंडीतले लोक रात्री अकराला फोन करतात. आपल्या कामात न बसणाऱ्या व्याधी घेऊन येतात. फी विचारली की म्हणतात, माळकऱ्याची पोर असून पैसे मागते. तिने विचारले, ‘‘महाराज, नाही म्हटलं तर पाप लागतं का?’’

प्रश्न तिचा एकटीचा नाही, म्हणून त्याचे उत्तर तिला घरी बसून देण्यापेक्षा येथे सर्वांसमोर मांडतो. कीर्तनाच्या रीतीने आधी पूर्वपक्ष पाहू.

पूर्वपक्ष असा, की आपला संप्रदाय भूतदयेचा आहे. दारी येणाऱ्यात विठ्ठल पाहावा ही आपली शिकवण. मग पीडित माणूस दारात उभा असताना ‘हे माझे काम नाही’, ‘आता वेळ नाही’, ‘एवढे पैसे होतील’ असे म्हणणे ही दया कशी? व्यवसायाची भाषा आणि वारकऱ्याची भाषा एका तोंडात कशी नांदेल? पूर्वपक्ष हलका नाही. त्याचे उत्तर सावकाश पाहावे लागेल.

आधी ठावाचा विचार करू. ठाव शोधताना माणूस सहसा आपल्याला काय आवडते ते पाहतो, किंवा बाजारात काय खपते ते पाहतो. आपल्या विदर्भात ज्यांनी आरोग्याचे मोठे काम उभे केले त्यांनी तिसरीच गोष्ट पाहिली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपूरचे. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था त्यांनी सुरू केली. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच, १९८२ साली, चंद्रपूरपासून वेगळा झालेला. तिथे काय करावे हे ठरवण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारले, की तुम्ही दवाखान्यात का जात नाही? लोकांनी सांगितले, मोठ्या इमारतीत आम्हाला भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, आमच्या नातेवाइकांना तिथे राहू देत नाहीत, आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? तेव्हा शोधग्रामला रुग्णालय झाले ते झोपड्यांच्या पाड्यासारखे, आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे.

मग शेकडो व्याधींतून त्यांनी एकेक प्रश्न वेचला. त्यांतला एक होता जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचा. ३९ गावांत त्यांनी गावच्याच बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्यांना सगळे वैद्यक शिकवले नाही. बाळाचे वजन कसे घ्यावे, त्याला ऊब कशी द्यावी, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखावीत आणि तेव्हा ठरलेले औषध कसे द्यावे, एवढेच शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे देशभराच्या सरकारी योजनेने ही रीत उचलली. सज्जनहो, विचार करा. थोडेच शिकलेल्या बाईला शंभर गोष्टी अर्ध्या-अर्ध्या शिकवल्या असत्या तर त्या बाळांचे काय झाले असते? मोजक्या गोष्टी पुऱ्या शिकवल्या म्हणून बाळे वाचली.

दुसरे उदाहरण मेळघाटचे. डॉ. रवींद्र कोल्हे शिकले नागपूरच्या मेडिकलमध्ये. अमरावती जिल्ह्यातले बैरागड हे गाव त्यांनी निवडले, तिथे जायला तेव्हा धारणीहून सुमारे ४० किलोमीटर पायी चालावे लागे. जिथे शस्त्रक्रियेची सोय नाही, क्ष-किरण यंत्र नाही, रक्त नाही, तिथे डॉक्टराने काय शिकून जावे? कोणा जाणत्याने त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या, असे त्यांच्याविषयी सांगतात : पोट न फाडता बाळंतपण करणे, यंत्राशिवाय न्यूमोनिया ओळखणे आणि जुलाबावर उपचार करणे. त्या शिकून ते गेले. पुढे एवढेही पुरत नाही असे दिसले, तेव्हा परत नागपूरला येऊन त्यांनी अधिक शिक्षण घेतले. नंतर गावकरी म्हणू लागले, आमची जनावरे बघा, आमचे पीक बघा. या मागणीलाही त्यांनी आधी अभ्यास केला. पशुवैद्य मित्राकडून जनावरांचे शिकले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शेतीचे शिकले, आणि मग हात घातला. ठाव वाढवू नये असे नाही. पण आधी शिकावे, मग वाढवावा. शेजाऱ्याच्या आग्रहाने किंवा विक्रेत्याच्या कमिशनने वाढवलेला ठाव वेगळा आणि असा वाढवलेला ठाव वेगळा.

कोणी म्हणेल, महाराज, हे सेवाव्रती झाले, धंद्याचे काय? तर धंद्याचेही एक उदाहरण नागपुराशी जोडलेलेच आहे. केशव विष्णू पेंढारकर नागपुरात किराणा दुकान चालवत. तिथून ते मुंबईला गेले आणि परळच्या राहत्या घरातून १९५२ साली त्यांनी विको कंपनी सुरू केली. सुरुवातीला काय विकले? वनस्पतींचे दंतमंजन. सगळ्या शरीराचा भार त्यांनी उचलला नाही, दात घेतले. पुढे हळदीचे मलम आले. ते औषध की प्रसाधन, त्यावर कर किती, हा वाद न्यायालयांत कित्येक वर्षे चालला. आरोग्याच्या वस्तूला आपण काय नाव देतो याला किती वजन असते, ते यावरून समजते. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे निघते. तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तो आपला ठाव : लोकांची खरी गरज, आपण पुरती शिकलेली विद्या, आणि ज्यावर घर चालेल असा निर्वाह. या मुलीचे पायांचे काम घ्या. चरकाचार्यांनी दिनचर्येत पायांना तेल लावण्याचे आणि पादत्राण वापरण्याचे गुण सांगितले आहेत, म्हणजे विषय आजचा नाही. आज मधुमेहामुळे त्याला नवी निकड आली आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या पावलांची संवेदना कमी होत जाते. खडा रुतला तरी कळत नाही, तापलेल्या डांबराने भाजले तरी कळत नाही, फोड फुटून जखम होते आणि रक्तपुरवठा कमी असेल तर ती भरत नाही. आणि आपण तर पायांनी चालणारा संप्रदाय! आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, शेगावहून आणि कौंडण्यपूरहून निघालेला त्याहून कितीतरी अधिक. हजार कामे सोडून कोणी आपली पावले सांभाळायला उभी राहत असेल तर ते काम लहान म्हणायचे कोणी?

आता मर्यादांकडे येतो. मर्यादा चार प्रकारच्या आहेत : विद्येची, वाणीची, द्रव्याची आणि वेळेची.

विद्येची मर्यादा आयुर्वेदाने फार स्पष्ट सांगितली आहे. चरकसंहितेत व्याधींचे भेद आहेत. काही सहज बऱ्या होणाऱ्या, काही कष्टाने बऱ्या होणाऱ्या, काही ‘याप्य’, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पण पथ्य-औषधाने सांभाळता येणाऱ्या, आणि काही उपचारापलीकडच्या. जो वैद्य हा विवेक न करता हात घालतो त्याचे धन, विद्या आणि यश जाते, असे तिथे बजावले आहे. त्याच ग्रंथात वैद्याची चार प्रकारची वृत्ती सांगितली आहे. सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, जे साध्य आहे ते आवडीने हाती घेणे, आणि जे मृत्यूच्या वाटेला लागले आहे तिथे उपचाराचा आग्रह सोडणे. आपला पूर्वपक्ष इथे सुटू लागतो. करुणेला तिथे अट घातलेली नाही, ती प्रत्येक पीडितासाठी आहे. अट आहे ती काम हाती घेण्याला. आपण या दोन गोष्टी एक समजतो आणि मग ‘नाही’ म्हणणाऱ्याला निर्दय ठरवतो.

वाणीची मर्यादा याहून कठीण, कारण ती मोडली तरी मोडणाऱ्याला काही होत नाही, भोगतो दुसराच. आमच्या दिंडीत एक टाळकरी होते. पंचवीस वर्षांची वारी, आवाज खणखणीत. मधुमेहाच्या गोळ्या नियमाने घेत. एका वर्षी कोणा विक्रेत्याने त्यांना बाटली दिली आणि सांगितले, तीन महिन्यांत रोग मुळापासून जाईल, गोळ्या बंद करा. त्यांनी केल्या. अनवाणी चालण्याचा त्यांचा नेम होता. वाटेत टाचेला फोड आला तो त्यांना जाणवला नाही, इतरांनी पाहिला तेव्हा मोजा चिकटलेला होता. पंढरपूर झाले, काला झाला, पण पाय वाचला नाही. नागपुरात गुडघ्याखालून काढावा लागला. ते आजही टाळ वाजवतात, बसून. विक्रेत्याचा धंदा चालूच आहे, त्याच्या वहीत हे कुठेच लिहिलेले नसणार.

ही गोष्ट मी कोणाला शाप द्यायला सांगत नाही. मधुमेह हा पुष्कळांच्या बाबतीत ‘याप्य’ म्हणावा असा रोग आहे, तो सांभाळायचा असतो. जो ‘सांभाळतो’ म्हणतो तो खरे बोलतो, जो ‘मुळापासून घालवतो’ म्हणतो त्याच्यापासून दूर राहावे. आपल्या देशात १९५४ सालापासून कायदाच आहे, की मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, अर्धांगवायू अशा ठरावीक व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात औषधासाठी करता येत नाही. ताईत-गंड्यासारख्या चमत्कारी उपायांनाही तो लागू आहे. कायदा आहे तरी भिंती आणि मोबाइल अशा जाहिरातींनी भरलेले आहेत. म्हणून हा कायदा वारकऱ्याने आपल्या जिभेला लावून घ्यावा. आपण गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा मांस नको, मद्य नको, एकादशी सोडायची नाही, ही बंधने आपणहून घेतो. पोलीस पाहत नाही म्हणून ती आपण मोडत नाही. आरोग्याचा व्यवसाय करणाऱ्या माळकऱ्याने आणखी एक बंधन घ्यावे, की जे मला ठाऊक नाही ते मी सांगणार नाही, आणि जे होणार नाही त्याचा भरवसा देणार नाही.

आता द्रव्याची मर्यादा. इथे वारकरी अडखळतो, कारण कीर्तनाचा मोबदला घेऊ नये ही तुकोबारायांची शिकवण आपल्या मनात खोल रुजली आहे. पण ती शिकवण कीर्तनासाठी आहे. तुकोबाराय स्वतः दुकानदार होते, आणि दुकानात मीठ-धान्य विकताना त्याचे दाम घेणे त्यांनी पाप मानले नाही. गोरोबांची मडकी फुकट जात नव्हती. हरिनामाचे मोल नसते. चार वर्षे शिकून मिळवलेल्या हाताच्या कौशल्याला मोल असते, आणि त्यावर एक घर चालायचे असते. चरकसंहितेत दोन्ही बाजू आहेत. चिकित्सेचा निव्वळ बाजार मांडणारा सोने टाकून धुळीचा ढीग उचलतो, असे वैद्याला सांगितले आहे. आणि उपचार घेऊन वैद्याची परतफेड न करणाऱ्याला निष्कृती नाही, असे रोग्यालाही सांगितले आहे. पहिले वाक्य आपण वैद्याला ऐकवतो, दुसरे स्वतः ऐकत नाही. बैरागडला डॉ. कोल्हे यांनी फी ठेवली ती पहिल्या वेळी दोन रुपये आणि पुढच्या खेपेला एक रुपया. पण ठेवली. दोन रुपये देणारा माणूस दारात याचक होऊन उभा राहत नाही.

आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे काय? त्याला सोडून द्यावे, पण कसे सोडावे ते तुकोबांकडून शिकावे. घरच्या सावकारीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली हे आपण सर्वजण सांगतो. एक तपशील मात्र विसरतो. परंपरा सांगते, की त्यांनी आधी खतांचे दोन भाग केले, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि केवळ आपल्या वाट्याची बुडवली. दान आपल्या वाट्यातून करायचे असते, दुसऱ्याच्या नाही. व्यवसायात मदतनीस मुलगी असेल तर तिचा पगार थकवून रोग्याला सूट देणे हे पुण्य नव्हे. महिन्याला किती जणांना विनामूल्य पाहणे झेपेल याचा आकडा आधी ठरवावा आणि तेवढ्यांना मनापासून पाहावे. त्या आकड्यात ओळखीचे सधन लोक घुसू लागले, तर खऱ्या गरिबाची जागा जाते. म्हणूनही नात्यातल्यांकडून फी घेण्याचा संकोच धरू नये.

चौथी मर्यादा वेळेची. सेना महाराजांची कथा आठवा. पूजा चालू असताना राजाचे बोलावणे आले आणि ते उठले नाहीत. पुढे पांडुरंग सेनाचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून गेला आणि राजाची सेवा झाली. या कथेतून आपण देवाची भक्तवत्सलता सांगतो, ती खरीच. मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, ज्याच्या हाताला मागणी आहे त्यालाही काही वेळ राखून ठेवण्याचा अधिकार आहे, मग मागणारा राजा का असेना. दुसरी, सेना उठले नाहीत म्हणून राजाची सेवा बुडाली नाही. आता आपल्यासाठी पांडुरंग प्रत्येक वेळी धोकटी उचलेल असे धरून चालू नये. म्हणून जो दार लावतो त्याने दारावर लिहून ठेवावे, की या वेळी मी नसेन, तातडीला अमुक ठिकाणी जा, रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा. झोपमोड झालेल्या हाताने कोणाचा गुडघा वळवू नये, यात रोग्याचेच हित आहे.

या चारही मर्यादांमागे मला एकच गोष्ट सांगायची आहे. नकाराचाही धर्म आहे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यालाच, जो पुढची वाट दाखवतो. पायाची जखम काळी पडू लागली आहे, आणि हे आपल्या विद्येबाहेरचे आहे असे दिसले, तर ‘हे माझे काम नाही’ एवढेच बोलून दार लावणे हा अर्धा नकार झाला, आणि अर्धा नकार क्रूर असतो. ‘हे माझ्याकडे होणार नाही, आजच शल्यचिकित्सकाकडे जा, मेडिकलला अमुक विभागात जा, ही चिठ्ठी न्या, आणि संध्याकाळी काय झाले ते कळवा’, हा पुरा नकार. अशा नकाराने करुणा कुठेही आटत नाही, ती आपल्या हातातून अधिक योग्य हातात जाते. वारीत थकलेल्या वीणेकऱ्याची वीणा दुसरा गळ्यात घेतो, तेव्हा पहिल्याने भजन सोडले असे आपण म्हणतो का? वीणा जमिनीवर ठेवली असती तर म्हटले असते.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : नाही म्हटल्याने पाप लागत नाही. खोटे ‘हो’ म्हटल्याने लागते, आणि रोग्याला वाटेत सोडल्याने लागते. साखर उतरवायचा काढा आणि वजनाची पावडर तिने ठेवू नये. पाय सांभाळावेत, आणि पायांविषयी जे शिकायचे राहिले असेल ते आधी शिकावे.

आता थोडे आपल्याविषयी, कारण हे वाचणारे बहुतेक जण सेवा देणारे नाहीत, घेणारे आहेत. आपल्या घरातली मुले मर्यादा मोडतात त्यात आपलाही हात असतो. आपणच त्यांच्याकडे हमी मागतो. जो ‘सांगता येत नाही, प्रयत्न करू’ म्हणतो त्याला आपण कच्चा समजतो आणि छातीठोक बोलणाऱ्याच्या दारात रांग लावतो. मग खरे बोलणाऱ्याचे घर कसे चालावे? फुकट तपासून घेताना आपण माळेची ओळख सांगतो आणि हजार रुपयांची बाटली घेताना मुकाट्याने पैसे मोजतो. भोंदूपणाला आपण बाजार देतो आणि प्रामाणिकपणाला उपदेश देतो, हा व्यवहार माळकऱ्याला शोभत नाही.

यंदाच्या आषाढीला निघण्याआधी एवढे करा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पाय आणि रक्तातली साखर दाखवून घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका. अनवाणी चालण्याचा नेम असेल तर तो देवाला सांगून सोडा, देव पायताणावर रुसत नाही. मुक्कामाला पोचल्यावर हरिपाठाआधी दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा, स्वतःला दिसत नसेल तर शेजारच्या माउलीला पाहायला सांगा. फोड दिसला तर वाटेवरच्या वैद्यकीय पथकाला त्याच दिवशी दाखवा. आणि ज्याच्याकडे पाय दाखवाल त्याने ‘हे माझे काम नाही, तिकडे जा’ म्हटले, तर त्याच्यावर रागावू नका. फी देऊन, नमस्कार करून, त्याने दाखवलेल्या वाटेने जा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.